दोन चमचे काळा मसाला

लग्न होऊन नाशिकला आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी घरातल्या सात माणसांच्या डोळ्यांतून पाणी काढले, आणि तेही साधी आमटी करून. रत्नागिरीहून निघताना आईने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाककृतींची वही माझ्या बॅगेत घातली होती. त्या वहीतली चिंचगुळाची आमटी मी ओळीवर बोट ठेवून, एकही पायरी न चुकवता केली. वहीत ‘दोन चमचे काळा मसाला’ असे स्वच्छ लिहिलेले होते, सासरच्या फडताळात ‘काळा मसाला’ अशी चिठ्ठी डकवलेला पितळी डबा होता, आणि त्या डब्यातून मी दोन चमचे सपाट मोजून घातले होते. पहिल्या घासाला सासरे ठसकले, धाकट्या दिराने ताटातला गूळ उचलून तोंडात टाकला, आणि सासूबाई काही न बोलता उठून दह्याचे भांडे घेऊन आल्या. जेवणे आटोपल्यावर त्यांनी मला डबा उघडून दाखवला. “अगं, हा आमचा काळा मसाला आहे. हा आमटीत चिमटीने घालतात,” एवढेच त्या म्हणाल्या.

माझ्या माहेरी गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणण्याची पद्धत होती. धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, लवंग असा तो सुगंधी ऐवज असतो आणि त्यात मिरची असलीच तर नावापुरती असते. नाशिक-नगरकडच्या काळ्या मसाल्यात मात्र लाल मिरचीचा वाटा मोठा असतो, आणि खोबरे व कांदा काळपट होईपर्यंत भाजून घातलेले असतात. चिठ्ठीवरचे नाव एकच होते. एक मसाला आमटीला वास देण्यासाठी जन्मलेला होता, तर दुसरा मटणाच्या आणि मटकीच्या रश्शाला तिखट अंग देण्यासाठी.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षे झाली, पण ती मला वारंवार आठवते, कारण त्या दिवशी माझ्या समजुतीप्रमाणे मी काहीही बदलले नव्हते. पाककृतीतला एखादा जिन्नस घरात नसला की आपण त्याऐवजी काय घालावे याची चौकशी करतो. सगळे जिन्नस हजर असले, तर तसा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः कोणतीही पाककृती कोणाच्या तरी ओट्यावर, तिथल्या कांद्याने, तिथल्या पाण्याने आणि तिथल्या गुळाने जमलेली असते. ती आपल्या ओट्यावर आली की यादीतला प्रत्येक जिन्नस डब्यात असूनही निम्मी अदलाबदल आधीच होऊन गेलेली असते. म्हणून ‘अमुक नाही, तर काय घालू?’ असे मला कोणी विचारले, की मी आधी ते अमुक त्या पदार्थात नेमके कोणते काम करत होते हे विचारते. लोकांना तो वेळकाढूपणा वाटतो, पण त्याला माझा इलाज नाही.

हा प्रश्न मला शिकवला तो रविवार कारंजावरच्या एका किराणा दुकानदाराने. पहिल्या संक्रांतीला मी त्याच्याकडून नुसता ‘एक किलो गूळ’ आणला होता आणि त्या गुळाच्या तिळाच्या वड्या शेवटपर्यंत वळल्या नाहीत. थापल्या तेव्हा ठीक दिसल्या आणि कापताना भुगा झाला. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा एक किलो गूळ मागितला, तेव्हा दुकानात गर्दी कमी होती म्हणून असेल, पण त्याने तराजूला हात लावण्यापूर्वी विचारले, “कशाला पाहिजे, ताई?” वड्यांना म्हटल्यावर त्याने मागच्या खोक्यातून चिक्कीचा गूळ काढला. या गुळाचा पाक चिवट होतो, दोन बोटांत ताणला जातो आणि थंड झाला की कडक राहतो. साध्या गुळाचा पाक मऊ आणि काहीसा रवाळ होतो, म्हणून तो पुरणाला आणि मऊ लाडवांना बरा. पाककृतीत दोन्हीकडे ‘गूळ’ एवढेच लिहिलेले असते. रव्याचेही तसेच आहे. जाड रव्याचा लाडू दाताखाली कचकचतो आणि बारीक रव्याच्या उपम्याचा लगदा होतो, तरी लिहिणारीने ‘एक वाटी रवा’ लिहून हात झटकलेले असतात, कारण तिच्या घरात त्या पदार्थाला दुसरा रवा कधी आलेलाच नसतो.

याच्या उलट, नाव वेगळे आणि वस्तू एकच, असाही घोळ होतो. पेठ-सुरगाण्याकडून येणारी नागली म्हणजे माझ्या माहेरची नाचणीच. इथली खुरासणी म्हणजे सोलापूरकडचे कारळे आणि भगर म्हणजे वरई. नाचणीच्या सत्त्वाची कृती हाती घेऊन बाजारात फिरणारी आणि समोर नागलीची रास असताना रिकाम्या हाताने परत येणारी मी एकटीच नसावी.

नाशिक जिल्ह्यात राहून कांद्याबद्दल न लिहिणे हे काशीत राहून गंगेकडे पाठ करण्यासारखे होईल. बाहेरगावच्या माणसाला कांदा हा एकच जिन्नस वाटतो, पण लासलगाव-पिंपळगावकडून जो माल येतो त्याची वर्षात तीन रूपे असतात: दिवाळीच्या आसपास येणारा खरिपाचा लाल कांदा, त्याच्या मागोमाग जानेवारीपासूनचा रांगडा, आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून साठवणीच्या हवेशीर चाळीत ठेवला जाणारा उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी भरपूर असते, म्हणून तो टिकत नाही. उन्हाळ कांदा घट्ट असतो, त्याची वरची पापुद्रे चांगली वाळलेली असतात, आणि चाळीत महिनोन्महिने राहून त्याचे पाणी आणखी कमी झालेले असते. ‘तीन मध्यम कांदे सोनेरी होईपर्यंत दहा मिनिटे परता’ हे वाक्य जुलैत खरे ठरते आणि डिसेंबरात खोटे, कारण डिसेंबरातला कांदा पहिली काही मिनिटे परतला जातच नाही. तो स्वतःच्या पाण्यात शिजत असतो. अशा वेळी आच वाढवली की कडा करपतात आणि गाभा कच्चा राहतो. उपाय अगदी साधा आहे: पसरट कढई घ्यावी, एका वेळी थोडा कांदा घालावा, आणि घड्याळाकडे न पाहता आवाज ऐकावा. पाणी असेपर्यंत कढईतून खळखळ येत राहते. ते संपले की आवाज बारीक आणि कोरडा होतो, आणि रंग त्यानंतरच चढतो.

खेकडा भजीत हा फरक अगदी बोटांना कळतो. उभ्या चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवले की लाल कांद्याखाली ताटलीत पाण्याचे तळे साचते आणि त्यातच बेसन मावेल तेवढे भुरभुरावे लागते. वरून थेंबभरही पाणी लागत नाही. जुन्या उन्हाळ कांद्याला मात्र तेवढ्याच मिठाने नुसता ओलावा सुटतो, आणि बेसन धरायला पाण्याचे दोन हबके मारावे लागतात. ‘एक वाटी बेसन, पाव वाटी पाणी’ असे ठाम लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्यांनी ती भजी कोणत्या महिन्यात तळली, हेही लिहायला हवे होते.

माहेर आणि सासर यांच्यातला सर्वांत मोठा डोंगर मात्र नारळाचा होता. आईच्या वहीतल्या निम्म्या पानांवर ‘ओल्या नारळाचे वाटण’ होते आणि घाटावर स्वयंपाक चालतो सुक्या खोबऱ्यावर. काळ्या वाटाण्याच्या उसळीला एक वाटी ओल्या खोबऱ्याऐवजी मी एक वाटी सुके खोबरे किसून, भिजवून, वाटून घातले. उसळीवर दोन बोटे तेल तरंगले, खाली रस्सा पातळ राहिला आणि वास थेट केसांच्या तेलाच्या बाटलीची आठवण देणारा आला. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि स्निग्धांश सुमारे एक तृतीयांश असतो. खोबरे वाळले की पाणी जवळपास नाहीसे होते आणि स्निग्धांश साठ टक्क्यांच्या वर जातो. तेव्हा वाटीला वाटी घेणे म्हणजे वाटणात दुपटीच्या जवळपास तेल ओतणे होय. ओले खोबरे रश्शात गोडवा, दुधाळ रंग आणि अंग अशी तीन कामे करते. सुक्या खोबऱ्याकडून त्यांतले फार तर दीड काम होते.

आता मी अशी उसळ करते तेव्हा एक वाटी ओल्या नारळाला अर्ध्या वाटीहून किंचित जास्त सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस घेते, तो कोमट पाण्यात अर्धा तास भिजवते, आणि अंग यावे म्हणून त्यात चमचाभर भिजवलेली खसखस किंवा डाळे वाटते. खोबऱ्याची पाठ सालकाढण्याने काढून टाकते, म्हणजे रंग मळत नाही, आणि ते मुळीच भाजत नाही. भाजलेले खोबरे हा पुन्हा तिसराच जिन्नस आहे. त्याची खमंग चव आणि काळपट रंग ही आमच्या नाशिककडच्या रश्शाची ओळख आहे, आणि तिथे ओले खोबरे घातले तर सासूबाईंच्या शब्दांत ‘रश्शाचा नूर जातो’. सोलकढीला मात्र सुके खोबरे चालत नाही. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा तो प्रकार झाडांना घातला. त्या दिवशी नारळ मिळाला नाही, तर आमच्याकडे ताकाची कढी होते.

आंबट जिन्नसांची अदलाबदल सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त फसतेही, कारण जिभेला आंबट ते सगळे सारखेच वाटते. चिंच उकळी सोसते; किंबहुना उकळल्याशिवाय तिचा कच्चा वास जात नाही, आणि ती आमटीला रंग व थोडा दाटपणाही देते. लिंबाचा आंबटपणा उकळून उरतो, पण त्याचा सुवास उडून जातो, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे. आमसूल हळूहळू सुटते आणि जास्त वेळ राहिले तर तुरट होते. दह्याबरोबर पाणी आणि प्रथिने येतात, म्हणून ते तापवताना फुटते. टोमॅटोवर तर मी आंबटपणासाठी विसंबणेच सोडले आहे, कारण हल्लीचा घट्ट, जाड सालीचा, दूरच्या प्रवासाला टिकणारा टोमॅटो रंग आणि गर देतो पण आंबट करत नाही. त्याच्या जोडीला चिमूटभर आमचूर किंवा चिंचेचा कोळ लागतो. क्रमही महत्त्वाचा आहे. आंबटात डाळ किंवा बटाटा नीट शिजत नाही, कारण आम्लामुळे त्यांच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन लवकर सैल होत नाही. घाईच्या एका सकाळी मी तूरडाळीबरोबरच कुकरमध्ये चिंचेचा कोळ घातला होता. पाच शिट्ट्यांनंतरही डाळ ताटात वेगवेगळी मोजता येत होती.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे पर्यायी जिन्नसांचे पक्के शास्त्र आपल्या घरात एकादशीला चालते. सासूबाई शाळा फारशा शिकल्या नव्हत्या, पण उपवासाच्या स्वयंपाकात त्या प्रत्येक जिन्नसाचे काम ओळखून त्याच्या जागी दुसरा बसवत. भाताच्या जागी भगर, डाळीच्या आमटीच्या जागी दाण्याची आमटी, मोहरीच्या जागी जिरे, चिंचेच्या जागी आमसूल. त्यांची उपवासाची कढी पाहून मी थक्क झाले होते. कढीत बेसन घालतात ते चवीपेक्षाही दही फुटू नये म्हणून. पिठातला स्टार्च दह्यातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गोळे होऊ देत नाही. बेसन उपवासाला चालत नाही, म्हणून त्या शिंगाड्याचे पीठ लावत, आणि कढी तितकीच मिळून येई. मी एकदा विचारले, “आई, हे पीठ नाही लावले तर?” त्या म्हणाल्या, “चोथा आणि पाणी वेगळे होईल. दह्याला धरून ठेवायला कुणीतरी लागते.” स्टार्च हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, तरी उत्तर पूर्ण होते. (या उपवासाच्या ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले आहेत. परदेशी जिन्नस धर्मात बसवून घेण्याची आपली तयारी यावरून कळावी.)

चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाले, की भाजीची चव हिंगावर जाते. गंधकयुक्त घटकांमुळे हिंगाचा वास तापलेल्या तेलात लसणाच्या जवळ जातो, म्हणून ही अदलाबदल जमते. पण हिंग लसणाचा वास देतो, कांद्याचे अंग देत नाही, ही गोष्ट बहुतेक कृतींत सुटून जाते. म्हणून आमच्याकडे त्या चार महिन्यांत रश्शाला दाण्याचे कूट किंवा दुधी भोपळ्याचा कीस लागतो. आषाढातल्या कांदेनवमीला भज्यांचा घाणा उतरला, की दुसऱ्या दिवसापासून दुधी किसायला सुरुवात होते.

मोदकांची हकीकत थोडक्यात सांगते. नाशिकमधल्या पहिल्या गणपतीत, उत्तमातले उत्तम घालावे म्हणून मी बासमतीची पिठी आणली आणि उकडीच्या पाऱ्या कडेने फाटत गेल्या. लांब दाण्याच्या, मोकळ्या भाताच्या तांदळात अमायलोज हा घटक जास्त असतो, म्हणून त्याची उकड तुटक होते. चिकट भाताच्या तांदळात तो कमी असतो आणि उकड मऊ, लवचीक राहते. आईकडे आंबेमोहर येत असे. इथे घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी धुऊन, सावलीत वाळवून दळून आणला आणि प्रश्न मिटला. तो बासमतीपेक्षा स्वस्तही पडला.

मुलगी दहावीत असताना तिला केक-पॅनकेक करण्याचा नाद लागला, आणि आमच्या ओट्यावर अमेरिकी कृती येऊ लागल्या. तिथे नावांचा घोळ नव्याने सुरू झाला. ‘बटरमिल्क’ म्हणजे ताक असे तिने शब्दकोशात पाहून ठरवले आणि जेवणानंतर उरलेले पातळ ताक पिठात ओतले. पॅनकेक तव्यावरून वाहत गॅसच्या बर्नरपर्यंत गेले. तिकडे त्या नावाने जे विकले जाते, ते विरजण लावून आंबवलेले दाट दूध असते. त्याच्या जागी पाऊण वाटी दह्यात पाव वाटी दूध घोटून घातले की काम होते. मक्याचेही असेच झाले. आपल्या दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी, बोटांत करकरणारी पूड म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. अमेरिकेत तिला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि तिकडचे कॉर्नफ्लोअर म्हणजे आपले मक्याचे पिवळे पीठ. सूप दाट करायला कॉर्नफ्लोअर नसेल, तर आरारूट चालते. मैदा घ्यायचा तर साधारण दुप्पट लागतो, तो आधी लोण्यावर परतावा लागतो, आणि सूप पारदर्शक राहत नाही.

त्याच काळात मला अदलाबदलीतली दुसरी अडचण कळली. जिन्नस बदलला की तो एकटा येत नाही. जुन्या काळच्या नवरीसारखी त्याच्याबरोबर पाठराखीण येते. बाजारचे पिवळे बटर घ्या. त्यात स्निग्धांश ८० टक्के, उरलेले बहुतेक पाणी, आणि वर मीठ. त्याच्या जागी १०० ग्रॅमला १०० ग्रॅम तूप घातले, तर स्निग्धांश २० ग्रॅमने वाढतो आणि पाणी गायब होते. मग नानकटाई ट्रेमध्ये पसरते आणि केक जड होतो. ८० ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध हा हिशेब बरोबर बसतो, आणि मीठ वेगळे घालण्याची आठवण ठेवावी लागते. आमसुलांऐवजी कोकमाचे आगळ वापरले, तर आगळात मीठ असते, म्हणून पदार्थातले कमी करायचे. साखरेऐवजी गूळ घातला, की त्याच्याबरोबर ओलावा आणि थोडे आम्लही येते, आणि म्हणूनच गूळ उकळत्या दुधात पडला की दूध नासते. गव्हाची खीर मी आता गॅस बंद करून, थोडी निवल्यावर गुळात मिळवते. बांधानी हिंगात तर हिंगाबरोबर डिंक आणि बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे बारीक अक्षर वाचलेले बरे. (हिंगाची भारतात लागवड हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात २०२० साली सुरू झाली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या फोडणीत पडलेला हिंग बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडचा होता.)

खाण्याच्या सोड्याची पाठराखीण मला ढोकळ्यात भेटली. पाकिटातले फ्रूट सॉल्ट संपले होते, म्हणून मी बेसनाच्या पिठात तेवढाच खाण्याचा सोडा घातला आणि वाफवलेला ढोकळा उघडून पाहते तो पिवळ्यावर लालबुंद ठिपके. पाहुणे यायला तासभर होता. फ्रूट सॉल्टमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल आधीच मिसळलेले असते, म्हणून पाणी लागताच वायू सुटतो आणि खार फारसा मागे उरत नाही. नुसत्या सोड्याला आम्ल बाहेरून द्यावे लागते. ते न मिळाल्याने तो पिठात तसाच राहिला, आणि खारात हळद लाल होते. परंपरेने कुंकू हळदीला चुन्यासारखा खार लावूनच करतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. स्वतःच्या ढोकळ्यावर त्याचा प्रयोग झाल्यावर ते समजले. आता नुसता सोडा वापरायचा असेल तर मी पीठ दह्यात भिजवते, सोडा अर्ध्याहून कमी घेते, आणि तो लिंबाच्या रसाबरोबर अगदी शेवटी घालते. केकमध्ये एक चमचा बेकिंग पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा आणि अर्धी वाटी आंबट दही असा हिशेब धरते, आणि दही जेवढे, तेवढे दूध कमी करते.

अंड्याचे काम सर्वांत गुंतागुंतीचे. कटलेटमध्ये अंडे फक्त चिकटवते, तिथे ब्रेडचा चुरा किंवा पोहे भिजवून घातले तरी चालतात. साध्या केकमध्ये पाव वाटी दही, किंवा जवसाची पूड एक मोठा चमचा आणि पाणी तीन मोठे चमचे भिजवून केलेला चिकट लगदा एका अंड्याच्या जागी बसतो. पण नुसत्या फेटलेल्या अंड्यांवर फुगणाऱ्या स्पंज केकला मला आजवर समाधानकारक पर्याय सापडलेला नाही, आणि तो सापडल्याचा दावा करणारे केक मी खाल्ले आहेत.

काही जागी मात्र हात आखडता घ्यावा, हे मला द्राक्षांनी शिकवले. मार्चमध्ये घडांतून सुटलेले मणी इथे स्वस्तात मिळतात. एका वर्षी मी पाच किलो मणी आणून जॅम केला आणि ‘द्राक्षे गोडच असतात’ म्हणून साखर निम्मी घातली. जॅम घट्ट झाला नाही. पातळ पाक झाला, आणि पंधरा दिवसांत फडताळातल्या बरणीचे झाकण फुगून वर आले. जॅममध्ये साखरेला गोडीपेक्षा मोठी दोन कामे असतात: पेक्टिनचे जाळे घट्ट होऊ देणे, आणि पाणी असे बांधून ठेवणे की जिवाणू-बुरशीला ते वापरता येऊ नये. नीट झालेल्या जॅममध्ये साखर धरून विरघळलेले घन पदार्थ साधारण ६५ टक्के असतात. त्यातून पिकलेल्या द्राक्षात पेक्टिन कमीच, म्हणून लिंबाचा रसही लागतो. लोणच्यातले मीठ आणि वरचे तेल यांनाही हेच लागू आहे. प्रकृतीसाठी मीठ कमी करायचे असेल, तर लोणचे थोडे घालावे आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावे. वर्षभराच्या बरणीत काटकसर केली, तर बुरा येतोच.

मापाबद्दल लिहायचे राहिले. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, मोठा चमचा १५ चा, छोटा ५ चा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० चा. कपभर मैदा १२० ते १३० ग्रॅम भरतो आणि कपभर साखर २०० ग्रॅम, म्हणून ‘कपाला कप’ बदलताना वजन पाहावे. आपली वाटी मात्र ज्या त्या घराची असते. आईच्या वहीतली वाटी १५० मिलिलिटरची निघाली. मागच्या सुट्टीत मी तिच्या फडताळातून ती शोधून काढली आणि पाण्याने भरून मोजली, तेव्हा माझ्या नारळीभाताची दोन तपे चाललेली तक्रार एका मिनिटात सुटली. माझी वाटी २०० ची होती आणि आईच्या वहीतली गुळाची मापे ‘दोन मुठी’ अशी होती. तांदूळ वाढत गेला आणि गूळ तेवढाच राहिला.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मी दिवाळीत दिलेला नाशिकचा काळा मसाला तिने इतके दिवस उघडलाच नव्हता, आणि आता तिला मटकीची उसळ आमच्या पद्धतीने करून पाहायची होती. मी तिला वाटण सांगितले, खोबरे काळपट भाजायला सांगितले, फोडणीत मसाला घालताना आच मंद ठेव म्हणजे तो जळणार नाही आणि तर्री लाल येईल, असेही सांगितले. तिने सगळे लिहून घेतले.

“मसाला किती घालू?”

“चार माणसांना एक चमचा पुरे.”

“कुठला चमचा?” आईने विचारले.

मी उत्तर देण्याआधी शेजारी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “चहाचा म्हणावं. आणि दही लावून ठेवा म्हणावं.”